चार अक्षरांचा साक्षीदार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांची नोंद होते, जमाखर्च वाचला जातो आणि मग कोणी तरी चार शब्द बोलतो. यंदा ते काम आमच्याकडे आले आहे. आम्ही पडलो शाळामास्तर. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही, आणि आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो तर रसायनशास्त्रातील विद्वानांचा विषय. डी.एन.ए. नामक द्रव्याचे लहान लहान तुकडे प्रयोगशाळेत रसायनांपासून कसे घडवितात, हा तो विषय होय. जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांच्या मेळाव्यात हे पुराण कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर कपाशीच्या एका वावरात आहे. म्हणून प्रथम तेथेच जाऊ.

आमचे धाकटे बंधू घनसावंगी तालुक्यात शेती करतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी चार एकरांत कपाशी लावली. सरकी चांगली उगवली, झाडेही वाढली. परंतु पाते धरण्याच्या सुमारास एकाच वावरात दोन-तीन वाणांची झाडे उभी आहेत की काय, असे दिसू लागले. काही बुटकी, काही नुसतीच फोफावलेली, काहींची बोंडे बोराएवढी. वेचणीअंती उतारा निम्म्याहूनही खाली आला आणि देणी भागविण्यासाठी बैलजोडी विकावी लागली. बियाण्यात भेसळ असावी असा संशय सर्वांना आला. पण रिकाम्या पिशव्या केव्हाच चुलीत गेल्या होत्या, आणि पावती सदऱ्याच्या खिशात धुतली गेली होती. तक्रार कशाच्या आधारावर करावी? ते बियाणे खोटे होते की दोष दुसऱ्याच कशाचा होता, हे आजतागायत ठरलेले नाही. ज्यांनी ते विकले त्यांना दोष देण्याचाही आम्हांस अधिकार उरला नाही. नुकसान झाले त्यापेक्षा हे न ठरणेच बंधूंच्या मनाला अधिक लागले.

'जालना, सोन्याचा पालना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या सोन्यात बियाण्याचा वाटा मोठा आहे. १९६४ साली श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे आपली 'महिको', स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने बीटी कपाशीच्या ज्या पहिल्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली, ते वाण याच कंपनीचे होते. जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर दावलवाडी येथे तिचे संशोधन केंद्र आहे. जालन्याच्या बियाण्यावर महाराष्ट्राबाहेरचेही शेतकरी विसंबतात. अशा गावात राहून बियाणे खरे की खोटे हे आपणांस ओळखता येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे.

वस्तुतः नुसत्या डोळ्यांनी ते कोणालाच ओळखता येत नाही. संकरित सरकी कशी तयार होते ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मादी वाणाची कळी संध्याकाळी उकलून तिच्यातील पुंकेसर काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर वाणाच्या फुलातील पराग लावतात. हे सारे हाताने चालते. एखादी कळी नजरेतून सुटली, तर तिच्यात स्वतःच्याच परागाने बी धरते. ते बी संकरित नव्हे. परंतु संकरित सरकीच्या ढिगात ते मिसळले की निवडता येत नाही. पूर्वीपासूनची परीक्षा म्हणजे नमुन्याचे बी पेरून झाडे वाढवून पाहणे. त्यात अवघा हंगाम जातो. बीटीचे प्रथिन आहे किंवा नाही हे पट्टी बुडवून काही मिनिटांत कळते. पण ठरलेल्या आई-बापांचा संकर आहे की नाही, हे ती पट्टी सांगत नाही.

ही विवंचना आम्ही एकदा आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीपाशी बोलून दाखविली. ती एका बीजपरीक्षण प्रयोगशाळेत काम करते. तिने करंगळीएवढी प्लॅस्टिकची नळी आमच्या हातावर ठेवली. तळाशी थोडेसे पाण्यासारखे काही होते. "सर, हा प्रायमर. हाच तुमचा साक्षीदार," ती म्हणाली. आमच्या वडिलांच्या पिढीत इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकाला प्रायमर म्हणत. आम्हांस हसू आले. परंतु तिने समजावून दिल्यावर ते नाव अगदीच विजोड वाटले नाही, कारण हाही अक्षरांचाच खेळ आहे. पुढील सारे विवेचन तिच्याच शिकवणीवर आधारलेले आहे. गुरूने शिष्येकडून धडा घ्यावा, यात आम्हांस आनंदच वाटला.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डी.एन.ए. असते. ती एक लांबच लांब दुहेरी साखळी आहे. तिची कडी तीन वस्तूंची बनते: एक साखर, एक फॉस्फेट आणि चार क्षारद्रव्यांपैकी एक. अॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन ही त्या चार द्रव्यांची नावे. हीच वंशाची चार अक्षरे. समोरासमोरच्या साखळ्यांत अॅडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन, अशीच जोडी जमते. कपाशीच्या पेशीतील हा ग्रंथ दोनशे कोटींहून अधिक अक्षरांचा आहे. त्या नळीतील तुकडा अवघ्या वीस अक्षरांचा होता. पण चार अक्षरांतून वीस अक्षरी शब्द किती होतील याचा हिशेब मांडून पाहा: सुमारे एक लाख दहा हजार कोटी! म्हणून नीट निवडलेला वीस अक्षरी तुकडा एवढ्या मोठ्या ग्रंथातही आपली नेमकी जागा शोधून तेथेच जाऊन बसतो.

आता असा शब्द हुकमेहुकूम घडवावा कसा? निसर्ग तो सहज घडवितो; माणसाला त्यासाठी फार खटपट करावी लागली. अडचण अशी की, प्रत्येक अक्षराला जोडणीचे एकाहून अधिक हात असतात. दोन अक्षरे नुसती एकत्र ढवळली, तर कोणता हात कोणाला धरील याचा नेम नाही. म्हणून नको असलेले हात रासायनिक टोपणांनी झाकावयाचे, हवा तेवढाच मोकळा ठेवावयाचा, जोड झाला की टोपण काढावयाचे, असा हा मार्ग आहे. १९५५ साली केंब्रिज येथे अलेक्झांडर टॉड आणि मायकेलसन यांनी या रीतीने दोन अक्षरे जोडून दाखविली. दोन अक्षरांवरून अख्ख्या शब्दापर्यंत जाण्याचे मोठे श्रेय मात्र एका भारतीयाचे आहे, आणि त्यांची हकीकत आपल्या मुलांनी अवश्य ऐकावी.

डॉ. हरगोविंद खुराना यांचा जन्म मुलतान जिल्ह्यातील रायपूर या खेड्यात झाला. आज ते पाकिस्तानात आहे. वडील गावचे पटवारी. वस्ती सुमारे शंभर माणसांची, आणि लिहिता-वाचता येणारे कुटुंब जवळजवळ तेवढे एकच. पटवाऱ्याचे घर आणि त्याचे दप्तर म्हणजे काय, हे निजामी राजवट पाहिलेल्या आपल्या मराठवाड्याला निराळे सांगावयास नको. तो मुलगा लाहोरहून एम्.एस्‌सी. झाला, इंग्लंडात डॉक्टरेट मिळविली, काही काळ टॉडसाहेबांपाशी राहिला आणि पुढे कॅनडात व अमेरिकेत त्याने हे जोडकाम हाती घेतले. अशाच घडविलेल्या तुकड्यांच्या साहाय्याने वंशाची लिपी वाचता आली आणि १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्त्याहत्तर अक्षरी जोड्यांचा संपूर्ण जनुक घडविला, आणि १९७६ मध्ये त्यांचा दुसरा घडविलेला जनुक जिवंत जंतूत काम करू लागला. त्यांच्या रीतीत प्रत्येक जोडणीनंतर माल शुद्ध करून घ्यावा लागे. एकेका जनुकापायी अनेक माणसांची अनेक वर्षे खर्ची पडली.

हे कष्ट हलके केले लेट्सिंगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने. साखळीचे पहिले अक्षर घन कणांवर घट्ट बसवावे आणि पुढची अक्षरे त्यावर चढवावीत, म्हणजे प्रत्येक वेळी उरलेले द्रव्य नुसते धुऊन टाकता येते, असा त्यांचा विचार. त्यांचे शिष्य कॅरुथर्स हे पुढे खुरानांच्या प्रयोगशाळेतही काम करून आले. दोन्ही गुरूंची विद्या पदरी घेऊन त्यांनी १९८१ साली जी रीत सिद्ध केली, ती आज जगभर रूढ आहे. तिला फॉस्फोरामिडाइट रीत म्हणतात. नाव जड आहे, पण काम समजण्यास सोपे आहे. त्याच्या चार पायऱ्या अशा:

पहिली पायरी, टोपण काढणे. सूक्ष्म छिद्रे असलेल्या काचेच्या कणांवर पहिले अक्षर बसविलेले असते. त्याच्या हातावरील टोपण आम्ल ओतून काढतात. निघालेले टोपण द्रवाला नारिंगी रंग देते. तो रंग किती गडद आहे यावरून मागची जोडणी किती साधली ते मोजता येते.

दुसरी पायरी, जोडणी. पुढचे अक्षर टेट्राझोल नामक द्रव्याने जागे करून आत सोडतात. ते मोकळ्या हाताला जाऊन भिडते. येथे पाण्याचा थेंबही चालत नाही. पाणी असले तर अक्षर साखळीला धरण्याऐवजी पाण्यालाच धरून फुकट जाते.

तिसरी पायरी, कुलूप लावणे. काही थोड्या साखळ्यांना ते अक्षर मिळत नाही. त्यांचे मोकळे हात अॅसेटिक अॅनहायड्राइड वापरून कायमचे बंद करतात.

चौथी पायरी, जोड पक्का करणे. येथे आयोडीन कामी येते. जखमेवर लावावयाच्या टिंक्चरमध्ये असते तेच. नवा जोड कच्चा असतो, तो आयोडीन व पाणी यांनी टिकाऊ होतो.

प्रत्येक पायरीनंतर धुणे, आणि मग पुन्हा पहिली पायरी. एकेका अक्षराला काही मिनिटे लागतात. अक्षरे पुरी झाली की अमोनियाच्या पाण्याने साखळी काचेपासून सोडवितात आणि उरलीसुरली टोपणेही उतरवितात. हे सारे काम आता यंत्र करते. भारतात या विद्येची मांडणी करणाऱ्यांत डॉ. के. एन्. गणेश यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी प्रथम हैदराबादेत व नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हे काम केले. पुण्यातील आयसर या विज्ञान संस्थेचे ते पहिले संचालक होत.

आता आमच्या आवडीचे गणित. वीस अक्षरांसाठी एकोणीस जोडण्या लागतात. प्रत्येक जोडणी शेकडा ९९ साधली, तर शेवटी शेकडा सुमारे ८३ साखळ्या पुऱ्या उतरतात. शेकडा ९५ साधली तर अवघ्या ३८. शेकडा ९० साधली तर जेमतेम १३ ते १४. शंभरात नव्वद गुण म्हणजे आपण पेढे वाटतो. येथे नव्वदवाला नापास होतो. आणि ९९ चा हिशेब धरला तरी शंभर अक्षरी साखळी शेकडा ३७ च पुरी होते. म्हणून या रीतीने आखूड तुकडे उत्तम होतात, पण लांबी वाढली की चूक साचत जाते. मोठा जनुक हवा असल्यास लहान तुकडेच घडवून ते एकमेकांस जोडावे लागतात.

तिसऱ्या पायरीवरील कुलुपाचे मर्मही येथेच आहे. एक अक्षर गळालेली साखळी पुढे वाढू दिली, तर शेवटी ती एकोणीस अक्षरांची होईल. वीस आणि एकोणीस यांत फरक इतका थोडा की ती खऱ्यांत खपून जाईल. उलट चुकल्या जागीच तिला थांबविले, तर ती आखूड राहते आणि निवडून काढता येते. उघड खोट्यापेक्षा खऱ्यासारखे दिसणारे खोटेच अधिक घात करते. भेसळीच्या बियाण्याची गोष्ट याहून निराळी आहे काय?

हा तुकडा साक्ष कशी देतो, ते आता पाहू. १९८३ साली कॅरी मुलिस यांनी एक युक्ती शोधली. तिच्याबद्दल त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सरकीतून किंवा पानातून डी.एन.ए. काढावयाचे. त्यात आपल्याला हव्या असलेल्या भागाच्या दोन टोकांस बसतील असे दोन प्रायमर टाकावयाचे. तापवून साखळ्या सुट्या करावयाच्या, निववून प्रायमर बसू द्यावयाचे, आणि मग निसर्गातील एक विकर त्यांच्यापुढे नक्कल वाढवीत नेते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकीच्या शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात. हे ऐकून कोणी चकित होऊ नये. २०२० च्या साथीत ज्यांच्या नाकात काडी घातली, त्यांपैकी अनेकांची परीक्षा असेच घडविलेले तुकडे वापरून झाली होती. पुण्याच्या मायलॅब संस्थेच्या परीक्षण-संचाला त्या वर्षी मार्चमध्येच मान्यता मिळाली होती.

कपाशीच्या ग्रंथात काही ठिकाणी तीच दोन-तीन अक्षरे पुनःपुन्हा येतात, आणि ती किती वेळा येतात हे वाणागणिक बदलते. तेवढा भाग वाढवून जेलीसारख्या थरातून विजेच्या साहाय्याने सरकविला, की लांबीप्रमाणे रेघा उमटतात. आईची रेघ एका जागी, बापाची दुसऱ्या जागी. खऱ्या संकरात दोन्ही दिसतात. सुटून गेलेल्या कळीच्या बियात आईचीच दिसते. परक्या वाणात बहुधा तिसरीच. अशा अनेक जागा ताडून पाहिल्या म्हणजे संशयाला वाव राहत नाही. हंगामाचे काम काही दिवसांवर येते.

मात्र साक्षीदार कितीही सच्चा असला, तरी त्याच्यापुढे ठेवावयास मुद्देमाल हवा. उभ्या पिकाचे पानही परीक्षेला चालते. पण ते झाड कोणत्या पिशवीतले, हे सांगणारी पिशवी आपणच चुलीत घातली तर शास्त्र काय करणार? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला आहे की, बियाणे विकत घेणारा शेतकरी हाही ग्राहक असून तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो. शेतकऱ्याने नमुना जपून ठेवलाच असेल अशी अपेक्षा धरता येत नाही, हेही न्यायालयाने ओळखले. तालुक्याला तक्रार निवारण समिती असते, ती शेतावर येऊन पाहणी करते. परभणीला सरकारी बीजपरीक्षण प्रयोगशाळा आहे. हक्क आहे, मार्गही आहे. तरीही हाती पुरावा असणाऱ्याचा शब्द अधिक वजनदार होतो, हे व्यवहार सांगतो.

तेव्हा आमची पहिली विनंती अशी. बियाण्याची पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी आणि मूठभर बी शेवटची वेचणी होईपर्यंत जपून ठेवा. बियाण्याला विषारी औषध चोळलेले असते. म्हणून ते मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी ठेवा. पिकात वेगळेपण दिसताच लेखी तक्रार द्या, पीक मोडेपर्यंत थांबू नका. आणि न्यायाने वागा: बोंडअळी आली म्हणजे बियाणे खोटेच, असे नव्हे. गुलाबी बोंडअळीने खऱ्या बीटी कपाशीलाही आता दाद देईनासे केले आहे. परीक्षा व्हावी ती दोषी सापडावा म्हणून, तशीच निर्दोषी सुटावा म्हणूनही.

दुसरी विनंती मंडळाच्या कार्यकारिणीस. आपल्या शिष्यवृत्त्यांपैकी निदान एक रसायन किंवा जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, आणि शक्य तर मुलीसाठी, राखून ठेवावी. आमचा साक्षीदार आम्हांस एका मुलीनेच दाखविला, हे विसरता येत नाही. पटवाऱ्याचा मुलगा जनुक घडवितो, तर घनसावंगी, मंठा, भोकरदन येथील मुले मागे का राहावीत?

शेवटी आणखी एक गोष्ट, ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलत आहोत म्हणूनच सांगावीशी वाटते. त्या यंत्राला अक्षरांच्या चारच बाटल्या लावलेल्या असतात. कपाशीसाठी निराळ्या आणि माणसासाठी निराळ्या, असे तेथे नाही. मग एका ज्ञातीसाठी एक आणि दुसरीसाठी दुसरी, हे कोठून असणार? ज्ञातीचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु तो रक्ताचा नसावा, कामाचा असावा: किती मुले शिकविली, अडल्यानडल्याला किती हात दिला, आणि केलेल्या कामात शंभरात किती खरे उतरलो, याचा असावा.

यंदा मृगात आम्ही बंधूंच्या घरी गेलो होतो. ओसरीच्या तुळईला एक कापडी पिशवी टांगलेली दिसली. विचारले तर म्हणाले, "दादा, पावती आहे, रिकामी पिशवी आहे आणि मूठभर सरकी आहे. काम न पडो. पण आता राहू द्या." आम्हांस वाटते, एवढी एक पिशवी आपल्या प्रत्येकाच्या ओसरीवर टांगली गेली, तर आजचे आमचे बोलणे सार्थकी लागले.